सध्या काय वाचता, हे सांगितले पाहिजे

श्रावण लागला की नाशिकच्या जुन्या वाड्यांत पूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जाई: यंदा कोणती पोथी लावली? संध्याकाळी ओसरीवर पोथी सुरू होई, वाचणारा एक असे आणि ऐकणारे पंधरा-वीस, आणि कितवा अध्याय चालू आहे हे तिकडे न फिरकणाऱ्या शेजाऱ्यांनाही ठाऊक असे. त्या ओसरीवर सर्वांना बसता येत नव्हते, ही गोष्ट विसरून चालणार नाही आणि तिच्याकडे मला पुढे यायचेच आहे. परंतु आपण सध्या काय वाचत आहोत हे चारचौघांत सांगण्याची आणि समोरच्याला तेच विचारण्याची जी सवय त्या काळी अंगवळणी पडलेली होती, ती छापील पुस्तकांच्या बाबतीत आपण फारशी जोपासली नाही. पुस्तक हाती आले, वाचन एकट्याचे झाले, आणि वाचलेल्याविषयी बोलण्याचे काम समीक्षकांवर, प्राध्यापकांवर आणि पुरस्कारांच्या निवड समित्यांवर सोपवून आपण मोकळे झालो. माझे म्हणणे असे आहे की हे काम मुळात सामान्य वाचकाचे आहे, ते त्याने उघडपणे केले पाहिजे, आणि त्यासाठी जागा करून देणे हे सार्वजनिक ग्रंथालयांचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

मराठी पुस्तकाची परिस्थिती पाहिली की हा आग्रह कशासाठी, ते ध्यानात येईल. कथा-कादंबरीची आवृत्ती साधारणपणे हजार प्रतींची निघते आणि कवितासंग्रह तर पुष्कळदा पाचशे प्रतींवरच थांबतो. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या आसपास होती आणि महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाखांच्या आसपास. एवढ्या माणसांत हजार प्रती खपायला कित्येक पुस्तकांना वर्षे लागतात. यावरून वाचकच उरले नाहीत असा निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो मला मान्य नाही. ग्रंथप्रदर्शन लागले की माणसे येतात, टेबलांपुढे रेंगाळतात, पुस्तके उलटीपालटी करून मागचा मजकूर वाचतात. आणि बाहेर पडताना त्यांच्या पिशवीत बहुधा तीच पुस्तके असतात ज्यांची नावे शाळेत असल्यापासून त्यांच्या कानावर आहेत. ही त्यांच्या आवडीची मर्यादा नव्हे. दुसऱ्या कोणत्या पुस्तकाचे नाव त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दोन-तीनशे रुपये आणि आठवडाभराच्या संध्याकाळी एखाद्या अनोळखी लेखकावर खर्च करायच्या, तर कोणाचा तरी शब्द हवा असतो, आणि तो शब्द देणारी माणसे आजूबाजूला असूनही बोलत नाहीत.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत परीक्षणांची जागा आक्रसली आहे. जे परीक्षण येते ते पुस्तक निघाल्यावर कित्येक महिन्यांनी येते, आणि बऱ्याचदा ते लेखकाच्या स्नेह्याने लिहिलेले असते. पुस्तके विकणाऱ्या संकेतस्थळांवर गणिती पद्धतीने सुचवली जाणारी यादी असते खरी, पण ती यादी आधीच्या खरेदीवरून तयार होते. ज्या पुस्तकाच्या मुळातच थोड्या प्रती विकल्या गेल्या आहेत ते या यादीत वर यायचे कसे? जे खपते तेच पुढे केले जाते, आणि पुढे केले जाते म्हणून ते आणखी खपते. इंग्रजीसारख्या भाषेत एवढ्या प्रचंड उलाढालीत काही अनपेक्षित पुस्तके वर येऊन जातात. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून मराठीत एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला सांगणे हाच पुस्तकाचा मुख्य रस्ता आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

मात्र सांगण्या-सांगण्यात फरक असतो. ‘छान आहे, जरूर वाचा’ या वाक्याने कोणाचेही भले होत नाही. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार दुसऱ्याला एखादी फवारणी सुचवतो, तेव्हा तो औषधाचे नुसते नाव सांगून थांबत नाही. माझी जमीन काळी आहे, वाण थॉमसन आहे, गोड छाटणीला इतके दिवस झाले होते, त्या आठवड्यात ढगाळ हवा होती, आणि अमुक मात्रेला पाने करपली म्हणून ती कमी केली, एवढे सगळे तो सांगतो. ऐकणाऱ्याला आपल्या बागेशी ताडून पाहता येते आणि नको असेल तर सोडूनही देता येते. पुस्तकाची शिफारस अशीच तपशिलाची हवी. कोणासाठी, कोणत्या मनःस्थितीत, कुठे अडलो, कशासाठी पुढे गेलो, हे कळले पाहिजे. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी उभे राहिले की अशी शिफारस कधीकधी ऐकायला मिळते. एक वयस्कर गृहस्थ कादंबरी परत करत होते आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी तिच्याकडे बोट करून विचारले, “कशी आहे हो?” गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “पहिली पन्नास पाने नेट लावून वाचा. माणसांची नावे एकदा डोक्यात बसली की मग खाली ठेववत नाही. पण रात्री झोपताना घेऊ नका, शेवटाला जीव घाबरा होतो.” बाईंनी ती कादंबरी तिथल्या तिथे स्वतःच्या नावावर करून घेतली. मोठ्या परीक्षणातूनही या तीन वाक्यांइतकी उपयोगाची माहिती क्वचित मिळते. त्या दोघांची वेळ जुळली म्हणूनच ती सांगितली गेली, ते दहा मिनिटे आधी येऊन गेले असते तर ती वाक्ये त्यांच्याबरोबरच घरी गेली असती, ही यातली खंत आहे.

आता मी ‘सध्या’ या गोष्टीवर एवढा भर का देतो, ते सांगतो. आवडत्या पुस्तकांची यादी मागितली की माणूस सावध होतो. आपली यादी आपल्याविषयी काय सांगेल याचा तो विचार करू लागतो आणि मग सगळ्यांच्या याद्या एकसारख्या दिसायला लागतात; तीच दहा-बारा मान्यवर पुस्तके, त्यांतली काही तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेली आणि बरीचशी विसरलेली. ‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाला असे तयार उत्तर नसते. उशाशी जे पडलेले आहे ते सांगावे लागते. त्यात अर्धे वाचून राहिलेले चरित्र असते, स्पर्धा परीक्षेचे जाडजूड पुस्तक असते, मधुमेहाच्या पथ्याचे पुस्तक असते, मुलीने कॉलेजच्या वाचनालयातून आणलेला आणि आपण सहज चाळायला घेतलेला अनुवाद असतो. या उत्तरात खरेपणा अधिक असतो आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडते. शिवाय वाचन चालू असताना माणसाजवळ जे सांगण्यासारखे असते ते पुस्तक संपल्यावर महिन्याभरात ओसरते. कोणत्या प्रकरणात लेखक पाल्हाळ लावतो, कोणत्या पानावर आपण थांबून पुन्हा मागे गेलो, हे त्या आठवड्यातच सांगता येते. पुढे उरते ते ‘छान होते’ एवढेच.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाविषयीही याच कारणासाठी बोलले पाहिजे. आपल्याकडे पुस्तक सोडून देणे हा अपराध समजला जातो आणि तो लपवला जातो. पण एखाद्या चांगल्या वाचकाने सत्तर पानांनंतर पुस्तक का मिटले, हे प्रामाणिकपणे सांगितले, तर दुसऱ्या कोणाला नेमके त्याच कारणासाठी ते पुस्तक घ्यावेसे वाटू शकते. ‘यात शेतीचे बारकावेच फार आहेत’ ही एकाची तक्रार असते आणि दुसऱ्यासाठी तीच ओढ असते.

ग्रंथालयाच्या जुन्या प्रतीच्या शेवटच्या पानाला तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असतो. पुष्कळ ठिकाणी संगणकामुळे आता तो भरला जात नाही, पण जिथे तो टिकून आहे तिथे सावकाशीने पाहण्यासारखा असतो. एखाद्या पुस्तकावर सुरुवातीला दोन-तीन शिक्के पडतात, मग वर्षानुवर्षे काहीच नाही. शाई फिकी, कागद पिवळा. आणि मग अचानक एका पावसाळ्यात लागोपाठ पाच-सहा शिक्के, प्रत्येक मुदत संपते न संपते तोच पुढचा. त्या काळात त्या पुस्तकाला कोणताही पुरस्कार मिळालेला नसतो, लेखकाचे निधन झालेले नसते की त्याच्यावर चित्रपट निघालेला नसतो. माझी खात्री आहे की त्या पावसाळ्यात कोणीतरी एकाने ते वाचले आणि दुसऱ्याला सांगितले, त्याने तिसऱ्याला. कपाटात पडून राहिलेले पुस्तक एका माणसाच्या बोलण्याने पुन्हा हिंडू-फिरू लागले. पण तो कोण होता आणि त्याने काय सांगितले, याची नोंद कुठेच राहिली नाही, आणि सांगणाऱ्यांची ती साखळी तुटल्यावर शिक्केही थांबले.

या विचाराला विरोध करणारी माणसे आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. वाचन ही खासगी गोष्ट आहे, असे काहीजण म्हणतात. कोणी घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक नेतो, कोणी मनाच्या आजारावरचे, कोणी घरात न चालणाऱ्या विचारांचे; त्याचा बोभाटा का व्हावा? हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे आणि म्हणूनच मी म्हणतो की सभासदाने काय नेले याची नोंद हा ग्रंथालयावर टाकलेला विश्वास आहे, ती कोणालाही दाखवता कामा नये. स्वतःहून जे सांगावेसे वाटेल तेवढेच सांगायचे, आणि नाव न देता सांगण्याची मुभा सर्वांना असली पाहिजे. दुसरा आक्षेप दिखाऊपणाचा. चहाच्या कपाशेजारी पुस्तक ठेवून काढलेले छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावले की वाचन झाले, असे मानणारे लोक आहेत, हे खरे. पण केवळ छायाचित्र लावणाऱ्याला ‘कुठपर्यंत आलात, काय वाटले?’ एवढे विचारणारे कोणी असेल तर त्यालाही पुढची पाने उलटावी लागतील. दिखाऊपणाच्या भीतीने सगळ्यांनीच गप्प बसणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शिफारस ओळखीच्या वर्तुळातच फिरते. आपल्यासारखे लोक आपल्यासारख्यांनाच पुस्तके सांगतात, आणि मग ओसरीवर कोणाला बसू द्यायचे हा जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. नाशिकला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या शहराने १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह पाहिला, त्याच शहराच्या परिसरात, नाशिकरोडजवळच्या विहितगावात, त्याच वर्षी बाबुराव बागूल जन्मले. १९६३ साली त्यांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेला तोवर माहीत नसलेले जगणे आणि त्या जगण्याचा संताप त्या कथांनी मराठीत आणला. २००७ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना देण्यात आला. म्हणजे मान्यतेच्या दृष्टीने काही उणे राहिले असे म्हणता येणार नाही. तरीही कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या ज्या घरांत कुसुमाग्रजांच्या कविता आजोबांकडून नातवाकडे सहज जातात, त्या घरांत बागुलांची कथा ‘हे वाच’ म्हणून किती वेळा हाती दिली जाते? उलट बाजूनेही हा प्रश्न विचारता येईल. मला वाटते, याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि ते समाधानकारक नाही.

पुरस्कार लेखकाचा मान वाढवतो, पण त्याचे पुस्तक एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेऊन देत नाही. ते काम माणसाच्या शब्दालाच करावे लागते. म्हणूनच मी शिफारशीला घराच्या आणि मित्रमंडळींच्या बाहेर, सार्वजनिक ठिकाणी आणू पाहतो. सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या वाचकाने ग्रंथालयात दोन ओळी लिहून ठेवल्या आणि त्या इंदिरानगरच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने वाचल्या, तर दोघांची कधीच गाठ पडलेली नसताना एक पुस्तक एका वर्तुळातून दुसऱ्यात जाते. नाव नको असेल तर नको, पण आपण काय काम करतो, वय साधारण काय, एवढे लिहिणाऱ्याने लिहिले तर त्या दोन ओळींचे वजन वाढते.

नाशिकमध्ये यासाठी काही नव्याने उभारावे लागेल असेही नाही. सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांच्या बोलण्यातले सावाना, १८४० साली स्थापन झालेले आहे; महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने २००९ पासून पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटागटांतून फिरवली. एका पेटीत पंचवीस पुस्तके, आणि पेटी वाचून झाली की गट ती दुसऱ्या गटाशी बदलून घेणार. ही कल्पना फार मोलाची आहे, कारण तीत पुस्तक वाचकाकडे चालत जाते. पेटी पुढच्या गटाकडे जाताना आधीच्या गटातल्या प्रत्येकाने लिहिलेल्या दोन-दोन ओळीही तिच्याबरोबर गेल्या, तर नव्या गटाला पंचवीस अनोळखी पुस्तकांतले पहिले कोणते उचलावे हे समजेल आणि पेटी कितीतरी अधिक वाचली जाईल.

शासनाच्या बाजूनेही याचा विचार व्हायला हवा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये गावोगावी उभी राहिली, ही आपल्या राज्याची अभिमानाची गोष्ट आहे. या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे दिले जातात. दर्जा ठरताना ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रे आणि नियतकालिके किती, हे मोजले जाते. मोजायला सोपे तेच मोजले जाणार, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे ग्रंथालयाचे सारे लक्ष पुस्तक दाखल करण्याकडे लागते आणि दाखल झालेले पुस्तक कोणाच्या हाती पोचले, हा प्रश्न बाजूला पडतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ याच्या जोडीला ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असाही एक सिद्धांत आहे. पहिल्याची आपण थोडीफार काळजी घेतो. दुसऱ्याची घेत नाही. कपाटातल्या ग्रंथाला स्वतःचा वाचक शोधता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. तुटपुंज्या मानधनावर राबणारा ग्रंथपाल सगळ्या पुस्तकांच्या वतीने बोलू शकणार नाही. ते काम सभासदांत वाटले गेले तरच होईल.

शाळांबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथले दुखणे स्पष्ट आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. मुले ओळीने बसतात, पुस्तके उघडतात, छायाचित्र निघते आणि अहवाल वर जातो. त्या दिवशी मुलांना वाचायला सांगणारे शिक्षक स्वतः काय वाचत आहेत, हे मुलांना कळते का? फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज दिनांक आणि सुविचार लिहिला जातो. तिथेच ‘सर सध्या हे वाचत आहेत’ असे पुस्तकाचे नाव आठवडाभर राहिले, आणि ते दर थोड्या दिवसांनी बदलताना मुलांना दिसले, तर वाचनाविषयी वेगळे भाषण करावे लागणार नाही. ज्या आठवड्यात नाव बदलले नाही त्या आठवड्यात एखादा मुलगा कारण विचारील. त्याने ते विचारावे, आणि सरांनी ‘यातला हा भाग मला अवघड जातो आहे’ असे त्याला सांगावे. मोठी माणसेही अडतात हे कळल्याने मुले पुस्तकाला कमी घाबरतात.

सुरुवात करायची तर दिवाळी अंकांपासून करावी, असे मला सुचवायचे आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि मराठी वाचक एरवी कितीही अबोल असला तरी दिवाळी अंकांच्या दिवसांत बोलतो. ‘त्या अंकातली ती दीर्घकथा वाचली का?’ हे वाक्य दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत कचेरीत, बसमध्ये, लग्नाच्या मांडवातही ऐकू येते. बहुतेक ग्रंथालये त्या काळात वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतात, अंक भराभर हातोहात फिरतात, आणि एकच अंक थोड्याच आठवड्यांत अनेक वाचकांच्या हाताखालून जातो. याच काळात देवघेवीच्या खिडकीशी एक साधी वही दोरीने बांधून ठेवावी, शेजारी पेन असावे, आणि अंक परत करणाऱ्याला ग्रंथपालांनी एवढेच म्हणावे: ‘यातले काय वाचलेत, दोन ओळी लिहा.’ वही कोणालाही चाळता यावी. ज्याला लिहायचे नाही त्याला आग्रह करू नये, आणि लिहिलेले खोडू नये, मग ते प्रतिकूल का असेना. वाचकांना सवय झाली की जानेवारीपासून तीच वही पुस्तकांसाठी चालू ठेवावी.

नाशिकमध्ये २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन दरवर्षी मोठ्या आस्थेने साजरा होतो. त्या दिवशीच्या कार्यक्रमांत भाषणांसाठी ठेवलेल्या वेळातला अर्धा तास या वहीला द्यावा. सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली, आणि जमल्यास सिन्नर-निफाडच्या ग्रंथालयांतल्या वह्या मागवाव्यात आणि त्यांतल्या नोंदी, ज्यांनी लिहिल्या त्यांना, ते तयार असतील तर, स्वतः वाचायला सांगाव्यात. नोंद वाचून झाली की ते पुस्तक तिथेच टेबलावर ठेवलेले असावे आणि सभासदाला ते त्याच संध्याकाळी घरी नेता यावे. यासाठी ग्रंथालयांना लागणारा खर्च वह्या-पेनांचा आहे. अधिकची जबाबदारी एवढीच की नोंद झालेले पुस्तक आपल्याकडे नसेल तर ते पुढच्या खरेदीत घ्यावे आणि आल्यावर नोंद लिहिणाऱ्याला कळवावे.